मनोज नाय, पप्पा

१ जानेवारी २००४

पप्पांना ऑफिसात नवीन वर्षाची डायरी मिळाली, ती त्यांनी मला दिली. म्हणाले, "रोज चार ओळी लिही, अक्षर तरी सुधारेल." आईचं म्हणणं वेगळंच. मनातलं तोंडावाटे बाहेर पडायच्या आधी कागदावर पडलं, तर घरातली निम्मी भांडणं वाचतील म्हणे.

तर मी श्वेता. अकरावी आर्ट्स, कॉलेज मुरबाडला, घर टोकावड्याला. माझे पप्पा महेंद्र, पंचायत समितीत क्लार्क. पण ती झाली नोकरी. पप्पांची खरी ओळख म्हणजे ते बौद्धाचार्य आहेत. इथून घाटापर्यंत आमच्या समाजातली लग्नं तेच लावतात, आणि कुणाकडून चहाशिवाय काही घेत नाहीत. हार घालायच्या आधी ते पाच मिनिटं बोलतात. "जात भाषणात मोडत नाय, मांडवात मोडते," असं म्हणाले की टाळ्या ठरलेल्या. मी सगळ्यात जोरात वाजवते. बाप माझा आहे, का नाय वाजवणार?

एवढं पुरे. आता रंजिताबद्दल लिहिणार होते, पण आई भाकरी थापायला बोलावतेय.

८ जानेवारी

काल म्हसा गावची जत्रा! रंजिताच्या घरच्यांबरोबर गेले होते. रंजिता म्हणजे माझ्या बाकावरची. वरच्या वाडीतनं उतरून फाट्यावर येते आणि मी एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकून धरलेल्या जागेवर राणीसारखी बसते. तिच्या बाबांना, कमळूकाकांना, बैल घ्यायचा होता. ते बैलाचे दात बघत बसले आणि आम्ही दोघी जिलेबी खात फिरलो. कासाराकडं हिरव्या बांगड्या भरल्या. एकच डझन घेतल्या, अर्ध्या तिला, अर्ध्या मला. कासारीण म्हणाली, "दोघींचा हात एका मापाचा हाय गो." रंजिता म्हणाली, "आमचा डोकाबी एका मापाचा हाय, रिकामा." काय हसलो!

परत येताना बैल टेम्पोत, टेम्पोत रंजिताची आई बाईजाकाकी आणि रंजिता. मला तिच्या भावानं, मनोजनं, मोटारसायकलवर टोकावड्याला सोडलं. ढाब्यावर केरूकाका चहा पीत बसले होते. केरूकाका म्हणजे आमच्या विहाराचे खजिनदार आणि गावाचं वर्तमानपत्र. मी त्यांना हात केला, बांगड्या वाजवून दाखवल्या. त्यांचा चहा बशीतनं सांडला. म्हातारे झाले बिचारे.

२७ जानेवारी

आज लिहूनच टाकते. एक घाव दोन तुकडे.

मला रंजिता आवडते. मैत्रीण म्हणून आवडते ते वेगळं, आणि हे वेगळं. ती एखाद्या दिवशी आली नाय की मला तो दिवस उपाशी गेल्यासारखा वाटतो. बाकीच्या पोरी मुलांच्या गोष्टी सांगतात तेव्हा मी हो-ला-हो करते आणि माझ्या डोक्यात ही असते. पेपरात एकदा परदेशाच्या बातमीत 'समलिंगी' असा शब्द आला होता. कुणी बघत नाय ना, ते बघून मी ती बातमी दोनदा वाचली होती. आता कळलं का वाचली होती.

आज स्टँडवर तिला सांगून टाकलं. ती शेंगा सोलत होती. एक दाणा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "मग इतके दिस काय झोपली व्हतीस? मी कवापासून वाट बघतंय."

आणि गाडी लागली. आम्ही बसलो. घरी येईपर्यंत दोघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नाय. मी गप्प बसले, हे आईला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाय.

६ फेब्रुवारी

फळ्यावर कुणीतरी बदाम काढून आमची दोन नावं लिहिली. 'कुणीतरी' कशाला, वर्गातल्या चंदानंच. खडूची पूड तिच्या ओढणीवर होती. मधल्या सुट्टीत पोरं "नवरा कोण नि बायको कोण" म्हणून ओरडत होती. मी चंदाला चांगलं सुनावलं. पण वर्गशिक्षिका बाईंनी चंदाला एक शब्द विचारला नाय. आम्हालाच उभं केलं. "उद्यापासून श्वेता पुढच्या बाकावर, रंजिता मागं. आणि हे असले चाळे घरी कळवावे लागतील."

फळ्यावर लिहिणारी बसली मजेत, आणि जिचं नाव लिहिलं ती उभी. हा कुठला न्याय? रंजिता मागच्या बाकावर एकटी बसते. तास चालू असताना मी मान वळवली की बाई "श्वेता!" करतात. मला माझी काळजी नाय वाटत. मला पप्पांची वाटते. बाईंनी खरंच कळवलं तर? सगळं जग "शी" म्हणालं तरी मी उलटं बोलेन. पप्पा म्हणाले तर मला जमणार नाय.

१२ फेब्रुवारी

पप्पांना कळलं!

जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "श्वेता, माझ्या कानावर आलंय. मी तुला काय विचारणार नाय. माणसाचा जीव कुणावर जडावा हे त्याच्या हातात नसतं. लोक बोलतील. बोलू देत. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात भाषणं ठोकली, आता माझ्या घरात वेळ आली तर मागं सरेन, असा बाप नाय मी."

मी रडले. ढसाढसा रडले. पप्पांनी डोक्यावर हात ठेवला. असा बाप अख्ख्या तालुक्यात आहे कुणाचा? दाखवा मला! बाई कळवणार होत्या ना, कळवा, खुशाल कळवा.

आई मात्र माझ्याकडं बघत होती, मग पप्पांकडं, मग परत माझ्याकडं. काहीतरी बोलायला गेली आणि भांडी उचलायला उठली.

१७ फेब्रुवारी

पप्पा रोज काहीतरी विचारतात. वाडीवर रंजिताच्या घरची शेती किती, घर कौलारू का, मनोज काय करतो. मी अभिमानानं सांगितलं, तो एमआयडीसीत आहे, यंदा परमनंट होईल. पप्पा म्हणाले, "स्वभावानं कसा हाय?" म्हटलं, एकदम साधा, सुपारीचं खांडसुद्धा खात नाय. पप्पा खूश. माझ्या रंजिताच्या घरातल्या एकेका माणसाची किती आस्थेनं चौकशी करतात!

रविवारी आपण सगळे त्यांच्या घरी जाऊ म्हणाले. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. आईनं मला एकटीला विचारलं, "श्वेता, बाप काय बोलायला चाललाय ते तुला नीट ठाऊक हाय ना गो?" म्हटलं, आई, तू घाबरट आहेस.

२२ फेब्रुवारी

अक्षर गेलं उडत.

आम्ही गेलो. पप्पा, आई, मी आणि केरूकाका, दोन गाड्यांवर. केरूकाका कशाला, ते मला कळलं नव्हतं. बाईजाकाकीनं ओटा सारवून ठेवला होता. चहा आला, पोहे आले. रंजिता दाराआड उभी होती. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि मला वाटलं, आपल्याइतकं नशीबवान कुणी नाय.

मग पप्पांनी कप खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. असं सुंदर बोलले! म्हणाले, "कमळूभाऊ, आमी जात मानत नाय. पोरांनी एकमेकांना पसंत केलंय, तर आपण मोठ्यांनी आडवं येऊ नये. माझी श्वेता अजून शिकतेय. तिला शिकू द्या, पदवी होऊ द्या. पण शब्द आज देऊन ठेवू. तुमच्या मनोजसाठी."

मनोजसाठी!

मनोजला चहाचा ठसका लागला. त्यानं एकदा रंजिताकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि खाली बघत बसला. माझी जीभ टाळ्याला चिकटली. जिला एरवी लगाम नसतो, ती नेमकी तेव्हाच बंद पडली.

कमळूकाका मिशीवरनं हात फिरवत होते. मग म्हणाले, "महेंद्रभाऊ, तुमी भला माणूस. खाणंपिणं ठीक हाय, आमी काय पाळत नाय. पण सोयरीक म्हणजे… आमची भावकी आमाला वाळीत टाकंल. तुमची जात पडली वेगळी. आमच्यात हे होत नाय."

पप्पा उठले. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. "होत नाय ते तुमच्याकडं. माझ्या पोरीनं जीव लावलाय, चोरी नाय केली. ती मान खाली घालून या घरातनं जाणार नाय. चल, श्वेता."

आणि मी मान वर करून निघाले. दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं.

आई केरूकाकांच्या गाडीवर पुढं गेली होती. उतारावर मी पप्पांना म्हटलं, गाडी थांबवा. त्यांना वाटलं मी रडतेय. म्हणाले, "अगो, असले छप्पन्न मनोज मिळतील तुला."

मी म्हटलं, "मनोज नाय, पप्पा. रंजिता."

त्यांना कळलं नाय. परत सांगितलं. मग कळलं. घाटाकडं जाणारी एसटी गेली, धूळ उडाली, खाली बसली, तरी पप्पा गाडीच्या हँडलवर हात ठेवून तसेच. मग किक मारली.

२९ फेब्रुवारी

पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. सकाळी लवकर ऑफिसला जातात. काल एका लग्नात हार घालायच्या आधी ते बोललेच नाहीत म्हणे. थेट विधी सुरू केला. लोकांना वाटलं घसा बसलाय.

मी आईला विचारलं, तुला कधी कळलं? आई तांदूळ पाखडत होती. "जत्रेवरनं आलीस तेव्हा. दिवसभर बांगड्या कानाजवळ नेऊन वाजवत बसायचीस. मनोजचं नाव घेताना तुझा आवाज जसाच्या तसा असायचा. रंजिताचं घेतलंस की बदलायचा."

"मग पप्पांना सांगितलं का नाय?"

"तुझा बाप एकदा भाषणावर चढला की त्याला उतरवायचं कुणी? आणि झाकली मूठ सव्वा लाखाची गो. मला वाटलं, असू दे झाकलेली."

मग सूप खाली ठेवून तिनं मला जवळ ओढलं. "मला भीती वाटते तुझी. म्हणजे तुझ्यासाठी. पण लाज नाय वाटत. ते तू डोक्यातनं काढून टाक."

आई कधी असं बोलेल, मला वाटलं नव्हतं. तिला घाबरट म्हणाले होते मी.

रंजिताला घरी सांगितलंय, त्या श्वेताशी बोलायचं नाय. कॉलेजला येते, एवढंच नशीब. एसटीत मागच्या सीटवर बसते आणि माझ्याकडं बघते.

७ मार्च

आज विहारात मीटिंग होती. केरूकाकांनीच बोलावली. वस्तीतली झाडून सगळी माणसं आलेली. केरूकाका पेटले होते. "आपल्या पोरीला मोटारसायकलवर फिरवली, हिरव्या बांगड्या भरल्या, आणि लग्नाचं म्हटल्यावर जात काढली. हा एकट्या महेंद्रचा अपमान नाय, आपल्या सगळ्यांचा हाय. उद्या सकाळी सगळ्यांनी वाडीवर जायचं आणि त्या मनोजला बाहेर काढून जाब विचारायचा!" तरणी पोरं लगेच उठून उभी राहिली. दोन-चार बायका माझ्याकडं बघून डोळे पुसत होत्या.

पप्पा पुढं बसले होते. त्यांनी फक्त "नको" म्हटलं असतं तर सगळे खाली बसले असते. पण कारण विचारलं असतं ना! पप्पा जमिनीकडं बघत राहिले.

मला काय झालं माहीत नाय. मी उठले. माझा आवाज कापला नाय, हे मी अभिमानानं लिहून ठेवते.

म्हटलं, "कमळूकाकांनी जात काढली, त्याचा राग मलाही आहे. तो मी विसरणार नाय. पण मनोजनं काही केलं नाय. जत्रेतनं मला घरी सोडलं, एवढाच त्याचा गुन्हा. बांगड्या मी माझ्या हातानं घेतल्या. माझं मनोजवर प्रेम नाय. माझं कुठल्याच मुलावर नाय, आणि होईल असं वाटत नाय. मला मुलगी आवडते. मी अशीच आहे. माझ्यामुळं कुणा गरिबाच्या पोराला मार बसला तर मला या विहारात पाऊल टाकायला तोंड राहणार नाय."

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "अगो बाई" केलं. कुणीतरी पोरांना बाहेर जा म्हणालं. केरूकाकांचं तोंड उघडं ते उघडंच. उभी राहिलेली पोरं एकेक करून खाली बसली.

बायकांच्या रांगेतनं आई उठली, एवढ्या सगळ्यांतनं वाट काढत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. पदर नीट केला आणि माझा हात धरला.

पप्पा उठले आणि बाहेर निघून गेले.

मनोज वाचला. उद्या वाडीवर कुणी जाणार नाय. मी बरोबर केलं, मला माहीत आहे. पण पप्पांची पाठमोरी मूर्ती डोळ्यासमोरनं हलत नाय. मी जिंकले का हरले, मला कळत नाय.

१० मार्च

आजचं सगळं लिहिल्याशिवाय झोपणार नाय.

विहारातलं बोलणं कॉलेजात पोहोचायला किती वेळ लागतो? प्राचार्यांनी काल आम्हाला दोघींना बोलावलं होतं. "आईवडिलांना घेऊन या आणि दाखला घेऊन जा. बाकीच्या मुलींवर परिणाम होतो." परीक्षा पुढच्या महिन्यात! मी घरी फक्त आईला सांगितलं. ती म्हणाली, मी येते, काम टाकून येते.

सकाळी ऑफिसच्या दाराबाहेर आम्ही दोघी उभ्या. रंजिताच्या घरनं कुणी आलं नव्हतं. कमळूकाका म्हणाले होते, दाखला तर दाखला, नायतरी शिकून कुठं जायचंय. ती दप्तर छातीशी धरून उभी होती. ओठ दाबून धरले होते, पण डोळ्यांत पाणी आणत नव्हती. मी आईची वाट बघत होते.

आले पप्पा.

पांढरा शर्ट, खिशाला पेन. माझ्याकडं बघितलं नाय, सरळ आत गेले. आम्हाला पण आत बोलावलं. प्राचार्यांनी खुर्ची दिली, सगळं सौम्य आवाजात सांगितलं. तुम्ही समाजातले प्रतिष्ठित, तुम्हाला काय सांगायचं, गुपचूप घेऊन जा, कुठं बोभाटा नको.

पप्पांनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाले, "सर, मला हे सगळं समजलंय असं मी म्हणणार नाय. पंधरा दिवस झाले, माझं डोकं चालत नाय. पण एक गोष्ट मला समजते. माझ्या आज्याला शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते. तो बाहेर बसून ऐकून-ऐकून शिकला. त्याच्या पणतीला तुम्ही बाहेर काढताय. काढा. फक्त कारण लिहून द्या. कॉलेजच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. पोरीनं मारामारी केली, कॉपी केली, फी बुडवली, जे असेल ते लिहा. मी जावक नंबर टाकून घेतो आणि पुढं कुठं न्यायचं ते मला ठाऊक हाय."

प्राचार्य म्हणाले, "अहो, असं लेखी कसं देणार?"

"मग काढणार कसं?"

प्राचार्य पाणी प्यायले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. सर म्हणाले, ठीक आहे, तुमच्या मुलीचं बघू, पण ही दुसरी, हिचे तर पालकसुद्धा आले नाहीत.

पप्पांनी तेव्हा पहिल्यांदा मान वळवली. रंजिताकडं बघितलं. तिच्याच बापानं त्यांना ओट्यावरनं परत पाठवलं होतं. पप्पा म्हणाले, "हिचा बाप आला नाय. हिच्यासाठीबी मीच आलोय, असं समजा. दोघींचंबी लेखी द्या, नायतर दोघींनाबी वर्गात जाऊ द्या."

आम्ही वर्गात गेलो! मागच्या बाकावर, एकत्र. बाईंनी आमच्या दोघींची हजेरी घेतली. चंदासुद्धा वळून बघत होती, बघू दे.

पण हे नंतरचं. त्याच्या आधी, ऑफिसातनं बाहेर आल्यावर, व्हरांड्यात निम्मं कॉलेज जमलं होतं. पप्पा चपला घालत होते. पप्पा माझ्याशी बोलतील का, बोलले तर काय बोलतील, याच्याच धास्तीत मी उभी होते.

रंजिता पुढं झाली. कमळूकाकांची पोरगी. जिच्या घरात हे दोन शब्द आजवर कुणी उच्चारले नसतील. सगळ्या कॉलेजसमोर, हात जोडून, मोठ्यानं म्हणाली, "जय भीम, काका."

पप्पांचा चपलेत घातलेला पाय तसाच राहिला. त्यांचे डोळे भरले. सगळ्यांच्या देखत भरले, आणि त्यांनी पुसले नाहीत.

"जय भीम, पोरी," म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "उभ्या काय राहिलाय दोघी? तास सुरू झालाय. जावा."